हवामान विचारा: भात कापू की थांबू?

प्रश्न (एक शेतकरी वाचक, डिचोली, गोवा): चवथ (गणेशचतुर्थी) झाली, आमचं ज्योती जातीचं भात पिवळं पडायला लागलंय, आणि इतक्यात मोबाइलवर बातमी की ऑक्टोबरात सरासरीपेक्षा जास्त पाऊस पडण्याची शक्यता. मशीनवाला तारीख मागतोय. काय सांगू त्याला? आणि मॉन्सून परतला म्हणतात, त्यानंतरही दुपारी धो धो कोसळतो, ते कसं?

उत्तर: त्या बातमीवर मशीनची तारीख ठरवू नका हो. महिन्याचा अंदाज म्हणजे काय, तर मागच्या वर्षांच्या पावसाचे कमी, मधला, जास्त असे तीन सारखे गट करायचे आणि यंदा कल कुणीकडे ते बघायचं. काहीच ठाऊक नसलं तरी प्रत्येक गटाच्या वाट्याला 33 टक्के येतातच, मग समजा 'जास्त'चे 45 झाले की लगेच हेडलाइन, उरलेल्या 55 ची चौकशी कोणी करत नाही. त्यात महिन्याचा बराचसा पाऊस दोन-तीन संध्याकाळीच पडून गेला नि बाकी दिवस कडक ऊन, तरी कागदावर महिना 'जास्त'च, आणि तुमचं भात वाळून गोणीत.

आता दुपारच्या पावसाचं. मॉन्सूनची परती पश्चिम राजस्थानातून साधारण 17 सप्टेंबरला सुरू होते (2020 च्या आधी ही तारीख 1 सप्टेंबर धरायचे), मुंबईतून 8 ऑक्टोबरच्या आसपास आणि 15 पर्यंत सगळ्या देशातून, आपल्या गोव्याचा नंबर या दोहोंच्या मध्ये. पण परतला म्हणजे नळ बंद केला असं नाही. समुद्राकडचं वारं ढिलं पडतं, वरचं वारं पूर्वेकडून यायला लागतं, जमीन अजून ओली, आभाळ मोकळं म्हणून ऊन सरळ डोक्यावर, मग वाफ वर चढते आणि दुपारी सत्तरी-सांग्याच्या डोंगरांवर ढग फुगतात नि तिथून खाली आपल्याकडे सरकतात. जुलैत आपण समुद्राकडे बघून छत्री काढतो, आता घाटाकडे बघायचं. आणि हा पाऊस गडगडाट करत येतो, वीज पडते, तेव्हा उघड्या शेतात किंवा झाडाखाली थांबू नका, भात भिजलं तर भिजू दे.

मशीनवाल्याला एकच तारीख न देता चार-पाच दिवसांची मुदत सांगा. लोंबीतले शंभरातले 80-85 दाणे पिवळे झाले की कापणीची वेळ आली, फार थांबलात तर दाणे गळतात. मंगळवारी नि शुक्रवारी जुने गोव्यातल्या एला इथल्या कृषी संशोधन केंद्राचा कृषी हवामान सल्ला येतो, त्यात पुढच्या पाच दिवसांचा अंदाज असतो, तो बघूनच दिवस पक्का करा. कापणीच्या दिवशी हवामान खात्याचा पुढच्या तीन तासांचा ताजा इशारा बघत राहा. शक्यतो सकाळी दव उडालं की मशीन घाला, दुपारी तीनच्या आत भात ताडपत्रीखाली.

प्रश्न (मडगाव): दिवाळीपर्यंत तरी पाऊस थांबेल ना? आमचा नरकासुराचा पुतळा कागदाचा!

उत्तर: बहुतेक वेळा थांबतो. पण अरबी समुद्रात ऑक्टोबर-नोव्हेंबरात वादळं होतात, 2019 साली दिवाळीच्या दोन-तीन दिवस आधीच क्यार चक्रीवादळ आलं, किनाऱ्याला धडकलं नाही तरी कापणीला आलेलं भात आडवं करून गेलं. सांगाडा खुशाल आत्ता बांधा, कागद चिकटवायचं शेवटच्या चार दिवसांवर ठेवा.