आधी त्यांना चालताना बघ

प्रिय डॉक्टर,
अनेक आशीर्वाद.

परवा रात्री फोनवर तू हार्ट फेल्युअर असलेल्या, म्हणजे हृदयाचं रक्त ढकलणं कमी पडणाऱ्या, त्या ७८ वर्षांच्या आजींबद्दल सांगत होतीस. चार महिन्यांत तिसऱ्यांदा ॲडमिट. ईएफ (हृदय दर ठोक्याला आतलं किती टक्के रक्त बाहेर ढकलतं तो आकडा) ४०, औषधं सगळी चालू, गोळ्या वेळच्या वेळी, लोणचं-पापड बंद. "मग सर, त्या परत परत का येतायत?" असं तू विचारलंस आणि मी म्हटलं, लिहून कळवतो. घाईघाईत सांगण्यासारखं ते नव्हतं.

तू मला त्यांचा एको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, सांगितलास, किडनीचं क्रिएटिनिन सांगितलंस, पोटॅशियमसुद्धा सांगितलंस. त्या पलंगावरून उठतात कशा, हे मात्र तुझ्या बोलण्यात कुठेच आलं नाही. तुझ्या वयात मीही ते कधी बघितलं नव्हतं. ते न बघण्याची किंमत काय असते, हे मला एका निवृत्त गुरुजींमुळे कळलं.

वय ७४, ईएफ ३०. एप्रिल महिना, आभाळ स्वच्छ, आणि गुरुजी लांब दांड्याची छत्री टेकत दवाखान्यात आले. मुलगा म्हणाला, "आजकाल जरा हळू झालेत." मी म्हटलं, वयच आहे. खुर्चीत बसवून बीपी घेतलं, ११० आलं. पुस्तकात लिहिल्याप्रमाणे डोस वाढवायला जागा होती, म्हणून एकाच दिवशी दोन गोळ्यांचा डोस वाढवला. चौथ्या दिवशी पहाटे बाथरूमला जाताना ते पडले. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, पण गुरुजी पुन्हा उभे राहिले नाहीत. दोन महिन्यांत गेले. मी ती छत्री बघितली होती. काठी घ्यायला लाज वाटते म्हणून घेतलेली ती काठी आहे, हे माझ्या ध्यानात आलं नाही. त्यांना उभं करून बीपी घ्यायला मला तीन मिनिटं लागली असती.

आपण वॉर्डात ज्याला 'फ्रेल' म्हणतो, त्याला घरची माणसं 'खंगलेत' म्हणतात. मला घरच्यांचा शब्द जास्त नेमका वाटतो, कारण त्यात हळूहळू झिजणं आहे. २००१ साली लिंडा फ्रीड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या ६५ वर्षांवरच्या पाच हजारांहून जास्त लोकांच्या माहितीवरून याच्या पाच खुणा मांडल्या: न ठरवता वजन उतरणं, सतत थकवा, हालचाल कमी होणं, चाल मंदावणं आणि पंजाची पकड सैल होणं. तीन किंवा जास्त असतील तर माणूस फ्रेल, एक-दोन असतील तर त्या वाटेवर. वय आणि खंगणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे पक्कं धर. ८४ व्या वर्षी शेताच्या बांधावरून चालणारे आजोबा मी पाहिलेत, आणि ६३ व्या वर्षी पलंगाची कड धरून उठणारे काकाही पाहिलेत. आपल्याकडे तर हार्ट फेल्युअरच लवकर गाठतं. तिरुवनंतपुरमच्या नोंदवहीत २०१३ साली १,२०५ रुग्ण नोंदले गेले, त्यांचं सरासरी वय ६१ होतं आणि पाच वर्षांत त्यांतले ५९ टक्के गेले. तेव्हा पंचाहत्तरी ओलांडली की मग बघू, असं म्हणू नकोस.

हृदय आणि अंग एकमेकांना खाली ओढतात. हृदय कमी रक्त पुढे ढकलतं, स्नायूंना पुरेसं मिळत नाही. आतड्यांना सूज येते, दोन घासांत पोट भरल्यासारखं वाटतं, खाल्लेलं अंगी लागत नाही. शरीरात दाह धुमसत राहतो आणि तो स्नायू खातो. मग चाललं की दम लागतो, म्हणून माणूस चालत नाही, आणि चालत नाही म्हणून उरलेसुरले स्नायूही जातात. हार्ट फेल्युअरच्या रुग्णांपैकी जवळजवळ निम्मे फ्रेल असतात. अनेक अभ्यास एकत्र करून बघितलं तेव्हा अशांचा मृत्यूचा आणि पुन्हा ॲडमिट होण्याचा धोका इतरांच्या सुमारे दीडपट निघाला. तुझ्या प्रश्नाचं निम्मं उत्तर इथे आहे. आजी परत येतात त्या एकट्या हृदयामुळे येत नाहीत.

आता वजनाचं. काटा इथे फसवतो. मांस उतरतं आणि त्याची जागा पाणी घेतं, आकडा तोच राहतो. म्हणून मी आजींना वजन विचारत नाही, पातळाच्या निऱ्या विचारतो. "पूर्वीपेक्षा जास्त पडतात का हो?" लगेच उत्तर येतं, "दोन निऱ्या जास्त पडतात, आणि परकराची नाडी पार इकडे येते." हातातल्या बांगड्या बघ. हात वर केला की कोपरापर्यंत घसरतात का? पुरुषांच्या घड्याळाचा पट्टा बघ, नवं भोक पाडलेलं असतं. सूज उतरल्यानंतरचं वजन डिस्चार्ज कार्डावर वेगळं लिही. पुढच्या वेळी खरी तुलना त्याच्याशीच होईल.

चाल मोजायला काही खर्च नाही. ओपीडीच्या जमिनीवर चार मीटरवर दोन चिकटपट्ट्या लाव आणि नेहमीच्या चालीने चालायला सांग. पाच सेकंदांपेक्षा जास्त लागले तर वेग सेकंदाला ०.८ मीटरच्या खाली गेला. मग हाताची घडी घालून खुर्चीतून पाच वेळा उठबस करायला सांग. पकड मोजायचं यंत्र मिळालं तर उत्तम, आशियाई लोकांसाठी पुरुषांना २८ आणि बायकांना १८ किलोच्या खाली ती कमी धरतात. यंत्र नसलं तर अडून बसू नकोस. अत्यवस्थ माणसाला चालवता येत नाही, तिथे नातेवाइकांना आजारपणाच्या दोन आठवडे आधीचं विचार. भाजी कोण आणायचं? पेन्शनचा हिशेब कोण बघायचं? अंघोळ स्वतःच्या हाताने होत होती का? कॅनडातले डॉक्टर रॉकवूड यांचं खंगण्याचं नऊ पायऱ्यांचं मोजमाप अशाच माहितीवर चालतं.

क्रिएटिनिन १ आलं म्हणून निश्चिंत होऊ नकोस. ते स्नायूंतून येतं. स्नायूच उरले नसतील तर आकडा चांगला दिसतो आणि किडनी मात्र निम्मी असते. फ्रेल माणसाच्या रिपोर्टातली ही सर्वांत मोठी फसगत मला वाटते, आणि त्या आकड्यावर विसंबून डोस दिले की पोटॅशियम वर जातं.

इथे तुझ्या मनात येईल, मग खंगलेल्या माणसाची औषधं कमीच करूया. तसं करू नकोस. ही चूक माझ्यासारखे पोळलेले डॉक्टर करतात. गुरुजींनंतर दोन-तीन वर्षं मी म्हाताऱ्या माणसांचे डोस वाढवायला घाबरायचो, आणि त्यातही काहींचं नुकसान झालंच असणार. डापा-एचएफ या चाचणीतल्या रुग्णांची फ्रेल्टीनुसार, म्हणजे कोण किती खंगलंय त्यानुसार, विभागणी केली तेव्हा डापाग्लिफ्लोझिन या हार्ट फेल्युअरच्या औषधाचा फायदा फ्रेल लोकांनाही झालेला दिसला, उलट धोका जास्त असल्यामुळे प्रत्यक्षात वाचलेली माणसं त्यांच्यात जास्त. फ्रेल माणसाला औषध हवंच असतं. फक्त एका वेळी एक, थोडं थोडं, आणि दर वेळी आडवं झोपवून व मग उभं करून बीपी. वरचं बीपी उभं राहिल्यावर २० ने उतरलं तर थांब आणि आधी बाकीच्या गोळ्यांकडे बघ. लघवीची पाण्याची गोळी सूज गेल्यावरही त्याच डोसात चालू असते, प्रोस्टेटची एखादी असते, झोपेची असते. काढायची तर ती काढ.

आणि त्या आजींची पिशवी टेबलावर रिकामी करायला सांग. गुडघ्यासाठी मेडिकलमधून आणलेली एखादी वेदनाशामक गोळी त्यात सापडेल असा माझा अंदाज आहे. ती गोळी मीठ-पाणी अंगात धरून ठेवते, आणि आपण दिलेलं सगळं त्यापुढे फुकट जातं. दुसरी शक्यता सलाईनची. अशक्तपणा आला की दोन बाटल्या लावायच्या, हे आपल्याकडे खोल रुजलंय. गावातून अशी ताकदीची सलाईन घेऊन चौथ्या दिवशी धापा टाकत आलेली माणसं मी पाहिली आहेत. नातेवाइकांना ओरडू नकोस, त्यांनी प्रेमानेच नेलेलं असतं. ते पाणी शेवटी फुप्फुसात जाऊन बसतं, एवढं शांतपणे सांग.

मिठाबद्दलही थोडी सबुरी धर. २०२२ साली आलेल्या सोडियम-एचएफ या ८०६ रुग्णांच्या चाचणीत मीठ फार काटेकोर कमी करून मृत्यू किंवा ॲडमिशन कमी झाल्या नाहीत. लोणचं, पापड, खारे शेंगदाणे बंद ठेव, पण आमटी अळणी केली आणि आजींनी ताटच सरकवलं, तर आपण काय मिळवलं? त्यांना किलोमागे साधारण १.१ ग्रॅम प्रथिनं तरी पोटात जायला हवीत, म्हणजे ५० किलोच्या बाईला दिवसाला ५५ ग्रॅम. दोन वेळच्या पातळ वरणात ती भरत नाहीत. दूध, दही, मोडाची मटकी, चालत असेल तर अंडं, आणि हे थोडं थोडं पाच वेळा. किडनी फार अधू असेल तर हा आकडा आधी किडनीच्या डॉक्टरांशी बोलून घे. कवळी बसते का, हेही बघ. न चावता येणाऱ्या माणसाला आपण मटकी लिहून देतो.

वॉर्डातलं एक काम आजच कर. त्यांच्या केसपेपरवर 'बेड रेस्ट' लिहिलेलं असेल तर खोड. धडधाकट म्हाताऱ्या माणसांना दहा दिवस नुसतं झोपवून ठेवलं, तर पायांचं जवळजवळ एक किलो मांस गेलं, असं मोजलेलं आहे. आजी तर आजारी आहेत. धाप उतरली की लघवीची नळी काढ, चष्मा त्यांच्या हाताशी ठेव आणि सिस्टरांना सांगून बाथरूमला धरून का होईना, चालत ने. फिजिओथेरपिस्टला डिस्चार्जच्या दिवशी बोलावण्यात अर्थ नाही. अमेरिकेत हार्ट फेल्युअरसाठी ॲडमिट झालेल्या ६० वर्षांवरच्या ३४९ रुग्णांवर व्यायामाची चाचणी झाली, २०२१ साली ती प्रसिद्ध झाली. ताकद, तोल, उठबस आणि चालणं, असा व्यायाम वॉर्डातच सुरू करून घरी गेल्यावर बारा आठवडे नेला. हालचालीच्या बारा गुणांच्या परीक्षेत व्यायाम करणाऱ्यांना सरासरी ८.३ मिळाले, इतरांना ६.९. सहा महिन्यांतल्या ॲडमिशन मात्र ठळकपणे कमी झाल्या नाहीत, हे मी तुझ्यापासून लपवणार नाही. पण आपलं आपण संडासला जाता येणं ही त्या वयात केवढी मोठी गोष्ट आहे, हे त्यांनाच विचार. घरी स्वयंपाकाच्या ओट्याला धरून टाचा उचलणं आणि खुर्चीतून उठबस, एवढ्यापासून सुरू होतं.

आजींना स्वतःला काय हवंय हेही एकदा विचारून घे, मुलाला बाहेर चहाला पाठवून. माझ्या एका आजींनी सांगितलं होतं, "मला देवळाच्या तीन पायऱ्या चढायच्यात." त्यांच्या सगळ्या उपचाराची आखणी मी त्या तीन पायऱ्यांवरून केली. कुणी म्हणेल, आता सुया नकोत, घरी राहू दे. तेही नीट ऐक आणि लिहून ठेव.

उद्या राउंडला त्यांच्याजवळ जाशील तेव्हा एको बाजूला ठेव, चप्पल घालायला सांग आणि खिडकीपर्यंत बरोबर चाल. चार मीटरला किती सेकंद लागले आणि पिशवीत काय निघालं, ते रात्री कळव. मी जागा असतो.

तुझा,
सर