मिथेन मोजणारी यंत्रं आली, तरी कोळसा खाणींत मोठे अपघात का होतात?

मिथेनचं, म्हणजे कोळशातून सुटणाऱ्या ज्वलनशील वायूचं, आधी उरकतो. हवेत तो ५ ते १५ टक्के असला की ठिणगीने स्फोट होतो, म्हणून आपल्याकडे १.२५ टक्क्यालाच वीज तोडून माणसं मागे घ्यायची असतात. पण मिथेन हवेहून हलका, छताला चिकटून बसतो. यंत्र छातीशी धरलं तर काय कळणार? छोट्या भडक्यानेही कोळशाची धूळ उडते आणि मग धुळीचाच स्फोट होतो. चुनखडीची पूड मारायची ती त्यासाठी.

मला बोलायचंय ते पाण्याबद्दल. 'अचानक पाणी घुसलं' हे वाचलं की संताप येतो. धनबादजवळची चासनाला खाण, २७ डिसेंबर १९७५: वरच्या जुन्या कामांत, म्हणजे कोळसा काढून सोडून दिलेल्या पोकळ्यांत, साठलेलं पाणी खाली आलं, ३७५ माणसं गेली. त्याच भागातली बागडिगी खाण, २००१: शेजारच्या बंद खाणीतलं पाणी, २९ माणसं. पाणी कित्येक वर्षं तिथेच होतं!

अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या क्वेक्रीक खाणीत जुलै २००२ मध्ये हेच झालं. बंद पडलेली शेजारची खाण सुमारे ९० मीटर दूर आहे, असं हातातल्या नकाशावरून वाटत होतं. पण तो शेवटचा नकाशा नव्हता. त्यानंतरही तिथून कोळसा काढला गेला होता. यंत्राने भिंत फोडली आणि ९ जण आत अडकले. वरून साधारण १५ सेंटिमीटरचं भोक पाडून दाबाची गरम हवा सोडली, तिने पाणी थोपवलं. मग मोठं भोक पाडून पिंजरा सोडला आणि सुमारे ७७ तासांनी नऊही जण जिवंत वर आले. ते वाचले, पण तेवढ्याने नकाशा बरोबर ठरत नाही.

म्हणून नकाशावर विसंबायचं नाही, पुढे भोक मारून बघायचं. जुन्या कामांपासून ६० मीटरच्या आत परवानगीशिवाय जायचं नाही. गेलात तर गॅलरी (खोदत नेलेला बोगदा) २.४ मीटरहून रुंद किंवा उंच नको. फेसच्या, म्हणजे कोळसा कापायच्या समोरच्या भिंतीच्या, मध्यावर एक भोक, दोन्ही अंगांना तिरपी भोकं, आणि ती कायम फेसच्या किमान ३ मीटर पुढे. फेस सरकला की पुन्हा ड्रिल. यात पाळीचा वेळ जातो, म्हणून पहिली काटछाट इथेच होते. 'थोडी भिंत आहे ना मध्ये' म्हणणाऱ्यांनी हिशेब करावा: ३० मीटर उंच पाणी दर चौरस मीटरला ३० टन रेटतं. फेसला घाम फुटला, तांबूस पाणी झिरपलं किंवा सडक्या अंड्यांचा वास आला, तर काम थांबवून माणसं आधी बाहेर काढायची, कळवायचं नंतर.

एक मात्र कबूल करतो, एकेकट्याच्या अंगावर कोसळून मारणाऱ्या छताबद्दल बोलायचं राहिलं. मोठी बातमी होत नाही, पण माणसं मरतात. पहारीने ठोकल्यावर पोकळ आवाज आला तर सगळ्यांनाच कळतं. फसवतो तो खणखणीत आवाज. ठोकताना दुसऱ्या हाताची बोटं छताला टेकवा. दगड बोटांखाली थरथरला, तर आवाज कितीही खणखणीत असो, टेकू लागेपर्यंत त्याखाली कुणी उभं राहायचं नाही.