कॅसलव्हेनिया ही गेम मालिका इतकी वर्षं कशी टिकली, आणि आज कोणत्या भागापासून सुरू करावी?

माझ्या मते तुमच्या दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकच: १९९७ चा 'सिम्फनी ऑफ द नाइट'. पण त्याचं मोल कळायला मूळ गेम ठाऊक हवा.

आमच्या लहानपणी साताऱ्यात टीव्ही गेमच्या कॅसेटवर काँट्रा हमखास असायचा. तो ज्या कोनामी या जपानी कंपनीचा, त्याच कोनामीने कॅसलव्हेनिया १९८६ मध्ये जपानात काढला. गोष्ट एवढीशी: ड्रॅक्युलाचा किल्ला आणि चाबूक घेऊन आत शिरलेला सायमन बेल्मॉन्ट. कस लागतो तो हालचालीत. उडी एकदा मारली की हवेत वळता येत नाही. चाबूक उगारल्यावर फटका बसायला क्षणभर जातो. समोरून मेडुसाची मुंडकी वरखाली हेलकावत येतात, त्यातलं एक जरी लागलं तरी सायमन मागे फेकला जातो, बऱ्याचदा थेट खड्ड्यात. त्यामुळे इथे नुसती बोटं चालवून भागत नाही, पाऊल टाकण्याआधी पुढचं बघावं लागतं. मला हा गेम आजही फार आवडतो, पण नवख्याच्या हातात पहिल्यांदा देणार नाही.

१९८९ च्या तिसऱ्या भागात ट्रेव्हर, सायफा, ग्रँट आणि ड्रॅक्युलाचा मुलगा ॲल्यूकार्ड ही पात्रं खेळायला आली. जपानी कार्ट्रिजमध्ये जास्तीची चिप होती, म्हणून त्या आवृत्तीचं संगीत अमेरिकेतल्यापेक्षा भरदार वाजतं. दोन्ही ऐकून बघाच. १९९१ च्या चौथ्या भागात चाबूक आठही दिशांना चालू लागला.

मग १९९७. छोटे गेम लोक पटकन संपवून जुन्या बाजारात विकून टाकतात, तेव्हा जास्त दिवस पुरेल असं काहीतरी करायचं, हा विचार त्यामागे होता, असं 'सिम्फनी' घडवणाऱ्यांपैकी एक, कोजी इगाराशी यांनी पुढे सांगितलंय. म्हणून एकामागून एक येणारे टप्पे काढून टाकले आणि अख्खा किल्ला मोकळा ठेवला. बंद दार दिसतं, तुम्ही पुढे जाता, नवी शक्ती मिळते, मग ते दार आठवतं. अजिंक्यताऱ्यावर रोज सकाळी चढणाऱ्याला जशा वाटा पाठ होतात, तसा हा किल्ला अंगवळणी पडतो. आणि नीट शोध घेतलात तर पुढे तोच किल्ला उलटा होऊन समोर येतो. ते कसं, हे सांगून तुमची मजा घालवणार नाही. मिचिरू यामाने यांचं संगीत आणि आयामी कोजिमा यांची चित्रं यांवर तर वेगळं उत्तर लिहावं लागेल.

दिवाळीच्या सुट्टीत भाच्याला हाच गेम मोबाइलवर दिला. यातला नायक ॲल्यूकार्ड सुरुवातीला जोरात असतो, समोर येईल त्याला आडवं करत सुटतो. थोडं पुढे गेलं की मृत्यू स्वतः वाट अडवतो आणि तलवार, ढाल, चिलखत सगळं काढून घेतो. भाचा फोन घेऊन धावत आला, "मामा, सगळं गेलं, परत पहिल्यापासून लावू का?" म्हटलं, नको रे, आता तर गेम सुरू झाला.

पुढची बरीच वर्षं हीच पद्धत निन्टेंडोच्या हातात धरून खेळायच्या गेमबॉय ॲडव्हान्स आणि डीएसवर चालली. त्यातला २००३ चा 'आरिया ऑफ सॉरो' चुकवू नका: मारलेल्या राक्षसांचे आत्मे मिळतात आणि त्यांच्या शक्ती वापरता येतात. थ्रीडी भागांबद्दल मला तेवढी ओढ नाही. २०१० मध्ये स्पेनच्या मर्क्युरीस्टीम कंपनीने 'लॉर्ड्स ऑफ शॅडो'पासून गोष्ट नव्याने मांडली, तो देखणा आहे, पण किल्ल्यात हरवून जाण्याचं सुख त्यात नाही. इगाराशी २०१४ मध्ये कोनामीतून बाहेर पडले. पुढच्या वर्षी किकस्टार्टर या लोकांकडून पैसे उभारायच्या साइटवर चाहत्यांनी त्यांना ५५ लाख डॉलरच्या वर पैसे दिले आणि २०१९ मध्ये त्याच वळणाचा 'ब्लडस्टेन्ड' आला.

तर क्रम असा ठेवा: आधी 'सिम्फनी', मग 'आरिया', आणि हात बसला की १९८६ चा मूळ गेम. 'सिम्फनी' अँड्रॉइडवर आहे, पण फोनला कंट्रोलर जोडता आला तर जोडाच. स्क्रीनवरच्या बटणांनी ॲल्यूकार्डच्या मंत्रांसाठी लागणारे बटणांचे क्रम नीट बसत नाहीत.