व्याख्या पाठ, पण डोक्यात काय?

विज्ञानाच्या वर्गात मुलांकडून लिहून घेण्याबद्दल सीमाभागातून आलेले प्रश्न या वेळी एकत्र घेतले आहेत.

प्रश्न : मी आठवी-नववीला विज्ञान शिकवते. 'प्रकाशसंश्लेषण म्हणजे काय?' विचारलं की बहुतेक मुलं व्याख्या न चुकता लिहितात. पण शेतातल्या उसाबद्दल बोलायला लागली की भलतंच बोलतात. त्यांच्या मनात खरोखर काय आहे ते कागदावर यावं, यासाठी प्रश्न कसा काढावा?
– विज्ञान शिक्षिका, मराठी माध्यम, चिक्कोडी तालुका

उत्तर : 'म्हणजे काय' विचारलं की मूल विचार करत नाही, आठवतं. म्हणून पुस्तकातलं वाक्य जिथं बसणारच नाही असा प्रसंग द्यायचा आणि धड्याचा शब्द प्रश्नात येऊ द्यायचा नाही. तुमच्याकडे ऊस आहे, तोच घ्या. (टिपरं म्हणजे लावणीसाठीचा उसाचा तुकडा, डोळा म्हणजे त्यावरचा कोंब.)

'दोन डोळ्यांचं टिपरं लावलं. वर्षभरानं त्यातून आलेले ऊस तोडले, पार वाळवले, त्यातलं पाणी उडून गेलं. तरी जे उरलं त्याचं वजन टिपऱ्याच्या कितीतरी पट आहे. हे वजन मुख्यतः कुठून आलं? तुला तसं का वाटतं?'

'पार वाळवले' हे शब्द गाळू नका. ताज्या उसात सुमारे 70 टक्के पाणीच असतं. ते शब्द नसले तर 'पाण्यातून आलं' लिहिणारा मुलगा चुकत नाही, आणि बाकीच्या वजनाबद्दल तो काय समजतो ते तुम्हाला कळत नाही.

उत्तरं साधारण चार तऱ्हेची येतील. 'मातीतून, खतातून' ही सर्वांत जास्त. त्यात नवल नाही. घरी 'उसाला डोस टाकला' हे मुलं रोज ऐकतात आणि खताला आपणच 'पिकाचं अन्न' म्हणतो. 'सूर्यप्रकाशातून' लिहिणाऱ्यानं ऊर्जा आणि पदार्थ यांची गल्लत केलेली असते. 'पाण्यातून' म्हणणाऱ्याला मात्र हसू नका. व्हॅन हेल्मॉन्ट या सतराव्या शतकातल्या शास्त्रज्ञानं विलोचं रोप कुंडीत लावून 5 वर्षं फक्त पाणी घातलं. झाडाचं वजन सुमारे 74 किलोनं वाढलं, माती जेमतेम 57 ग्रॅम कमी झाली. त्यावरून त्यानंही झाड पाण्यातूनच वाढतं असा निष्कर्ष काढला. हे 1648 साली छापून आलं. मातीचा पर्याय त्यानं बरोबर खोडला, हवेचा विचार राहिला. तुमचा विद्यार्थी त्याच पायरीवर उभा आहे.

सर्वांत फसवा गठ्ठा 'हवेतून'चा. कारणाची ओळ वाचली की 'कारण झाडं ऑक्सिजन देतात' असं सापडतं. म्हणजे शब्द बरोबर, विचार जागेवर नाही. एक किलो साखरेत सुमारे 420 ग्रॅम कार्बन असतो आणि तो सगळा हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमधून आलेला असतो. हा आकडा फळ्यावर लिहायचाच, पण मुलांनी आपलं मत लिहून झाल्यावर.

प्रश्न काढताना होणारी एक चूक नेहमी दिसते. 'पाणी तापवल्यावर येणाऱ्या बुडबुड्यांत काय असतं?' यात प्रश्नच ढिला आहे. पाणी कोमट होताना भांड्याच्या कडेला येणारे बारीक बुडबुडे विरघळलेल्या हवेचेच असतात, त्यामुळे 'हवा' हे उत्तर निम्मं बरोबर ठरतं. 'पाणी दहा मिनिटं खळखळ उकळल्यावर बुडातून वर येणाऱ्या मोठ्या बुडबुड्यांत काय आहे?' असं विचारा. त्यांत असतं वायुरूपातलं पाणीच. आता 'हवा' आणि 'हायड्रोजन व ऑक्सिजन' लिहिणारी मुलं स्पष्ट वेगळी दिसतील. दुसरं उत्तर बहुधा पाण्याचं सूत्र पाठ असलेली मुलं देतात, तेव्हा हुशार मुलांचे कागद आधी वाचा.

प्रश्न : वर्गात 48 मुलं. तास 40 मिनिटांचा. एफ.ए.च्या (आकारिक मूल्यमापनाच्या) नोंदी वेगळ्याच. एवढे कागद तपासायचे कधी?
– शिक्षक, निपाणी

उत्तर : तपासायचे नाहीत, वाचायचे. लाल पेन टेबलावरच ठेवू नका.

पाठकोऱ्या कागदाचा अर्धा तुकडा, वर फक्त हजेरी क्रमांक. वेळ पाच मिनिटं, धडा सुरू करण्याआधी. पेन्सिल नको, पेनच. मत बदललं तर खोडरबरानं पुसायचं नाही, एक आडवी रेघ मारायची. त्या रेघेखाली मुलानं आधी काय मानलं होतं ते शाबूत राहतं, आणि आपल्याला तेच हवं असतं.

गोळा केल्यावर प्रत्येक कागदावरची फक्त 'का वाटतं'ची ओळ वाचा आणि तीन-चार गठ्ठे करा. एका कागदाला वीसेक सेकंद धरली तर 48 कागद पाव तासात होतात. कोणत्या गठ्ठ्यात किती, एवढंच टिपा. दुसऱ्या दिवशी दोन विरुद्ध मतं स्वतःच्या अक्षरात फळ्यावर लिहा, नाव न सांगता. मुलाचा कागद वर धरून दाखवलात तर अक्षरावरून वर्ग लगेच ओळखतो, आणि पुढच्या वेळी ते मूल पुस्तकच उतरवतं.

महिन्यातून दोनदा पुरे. रोज केलंत तर मुलं त्याचीही ठरावीक उत्तरं बसवतात. आणि या कागदाला गुण देऊ नका, अर्धासुद्धा नाही. गुण आले की मुलं स्वतःचं मत सोडून सरांना काय हवंय ते शोधू लागतात.

प्रश्न : आमच्या शाळेतली काही मुलं घरी कन्नड बोलतात, काही मराठी, आणि शास्त्रीय शब्द इंग्रजीत ऐकतात. उत्तरात तिन्ही भाषा येतात. शुद्ध मराठीचा आग्रह धरावा का?
– मुख्याध्यापक, खानापूर

उत्तर : या पाच मिनिटांत अजिबात नको. परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत अर्थातच हवा.

भाषेची सरमिसळ इथं उपयोगी पडते. मराठीत 'वाफ' म्हटलं की मूल चहाच्या कपावरचा पांढरा धूर डोळ्यांसमोर आणतं. तो खरं तर पाण्याच्या बारीक थेंबांचा. वायुरूपातलं पाणी दिसतच नाही. कन्नडमध्ये 'हबे' आणि 'आवी' असे दोन शब्द आहेत आणि बाष्पीभवनाच्या कन्नड शब्दात 'आवी' येतो. मुलानं 'आवी' लिहिलं असेल तर 'तुला दिसते का ती?' एवढं विचारा. कधी कन्नड शब्दच मुलाला वाट दाखवतो, कधी दोन्ही शब्दांखाली तोच पांढरा धूर निघतो. 'करंट'चंही तसंच. घरी करंट म्हणजे वीज, शॉक, कधी बिलसुद्धा. 'बल्बात करंट संपतो' असं कुणी लिहिलं तर त्याला विद्युतधारा म्हणायचंय की ऊर्जा, हे तोंडी विचारल्याशिवाय चूक ठरवू नका.

लिहिताना अडणाऱ्या मुलाला चित्र काढू द्या, मात्र चित्रात बाण आणि बाणाजवळ एक शब्द हवाच. नुसतं बीकरचं सुबक चित्र काही सांगत नाही.

प्रश्न : मुलीच्या विज्ञानाच्या वहीत चुकीचं उत्तर आहे आणि बाईंनी त्यावर फुलीसुद्धा मारलेली नाही. पाणी 110 अंशांवर जाईल असं तिनं लिहिलंय. असं चुकीचंच पक्कं होणार नाही का?
– पालक, बेळगाव

उत्तर : ताई, तुमची काळजी रास्त आहे, आणि तसं होऊही शकतं, पुढं काहीच केलं नाही तर.

प्रश्न बहुधा असा असावा : पाणी खळखळ उकळतंय, थर्मामीटर एका जागी थांबलाय, आता गॅस मोठा केला, पाच मिनिटांनी आकडा किती? 'जास्त आच म्हणजे जास्त तापमान' हा तुमच्या मुलीचा अंदाज स्वयंपाकघरातल्या अनुभवातून आलेला आहे. फुली मारली असती तर तिनं '100' लिहून टाकलं असतं आणि मनात 110 तसंच राहिलं असतं. आता प्रयोगात ती आकडा स्वतः वाचेल. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे 750 मीटर उंचीवर आहे, हवेचा दाब कमी, त्यामुळे इथं पाणी साडेसत्त्याण्णव अंशांच्या आसपास उकळतं. म्हणजे 110 लिहिणारी आणि 100 लिहिणारी, दोघींनाही पुन्हा विचार करावा लागेल.

वही दोन आठवड्यांनी पुन्हा बघा. त्याच उत्तराखाली वेगळ्या शाईत 'आधी मला वाटत होतं... आता वाटतं... कारण...' अशी भर असेल तर काम नीट चाललंय. ती नसेल तर बाईंना जरूर विचारा, तो तुमचा हक्क आहे.

प्रश्न : हाच थर्मामीटरचा प्रयोग आमच्याकडे जमला नाही, आकडा 101 आला. काय चुकलं?
– शिक्षिका, अथणी

उत्तर : थर्मामीटरचा फुगा बहुधा बीकरच्या तळाला टेकला होता. तळ ज्वाळेमुळे पाण्यापेक्षा जास्त तापतो. फुगा पाण्यात पूर्ण बुडालेला पण तळापासून दोन बोटं वर राहील असा स्टँडला बांधा. शाळेच्या थर्मामीटरमध्ये एखाद्या अंशाचा फरक असतोच, म्हणून दोन थर्मामीटर लावा. दोघांचे आकडे जुळले नाहीत तर वाचन थांबवू नका. 'दोन थर्मामीटर वेगळं का सांगतात?' हाच पुढचा पाच मिनिटांचा प्रश्न द्या.