भाचा निरीक्षणगृहात आहे. मामाला भेटता येतं का? फोन, पत्र, सामान याचं काय?

तुम्ही लिहिलंय की १६ वर्षांच्या भाच्याला बाल न्याय मंडळाने निरीक्षणगृहात (चौकशी चालू असताना मुलांना ठेवतात तिथे) पाठवलं, तुम्ही भेटायला गेलात आणि दारावरूनच परत यावं लागलं. असं बहुतेक वेळा आडनावामुळे होतं. मामाचं आडनाव मुलाच्या आडनावाशी जुळत नाही आणि नातं कागदावर दिसल्याशिवाय आत सोडत नाहीत. सोडूही नये, कारण नातेवाईक म्हणून कुणीही येऊ शकतं, अगदी त्याच प्रकरणातली माणसंही.

म्हणून पहिल्यांदा मुलाच्या आईला बरोबर न्या. तिचं आणि तुमचं मूळ ओळखपत्र, त्याची झेरॉक्स, रेशन कार्ड किंवा बहीण-भाऊ असल्याचा कुठलाही दाखला, आणि मंडळाच्या आदेशाची प्रत किंवा निदान प्रकरणाचा क्रमांक एवढं जवळ ठेवा. आईला येणं शक्य नसेल, तर मंडळाकडे साधा अर्ज करा: मुलाचं नाव, प्रकरण क्रमांक, तुमचं नातं, कधी भेटायचंय. आईची सही जोडा. अर्ज दोन प्रतींत द्या आणि एकीवर पोच घ्या. तोंडी विनंतीचा पुढे काहीच पुरावा उरत नाही.

निघण्याआधी फोन करून दोन गोष्टी विचारा. मुलगा आज तिथेच आहे ना, कारण मंडळापुढची तारीख किंवा वैद्यकीय तपासणी असली तर तो बाहेर असतो. आणि भेटीचा वार कोणता, वेळ काय. बाल न्यायाच्या २०१६ च्या केंद्रीय आदर्श नियमांत आई-वडील व नातेवाइकांना महिन्यातून एकदा भेट आहे, खास कारण असेल तर अधिक वेळा. वेळ ठरवणं आणि जादा भेट देणं गृहाच्या अधीक्षकांच्या हातात असतं. आजारपण, परीक्षा, घरातली दुर्घटना असं कारण असेल तर ते लेखी द्या.

पत्राला मात्र अशी मर्यादा नाही. मूल हवी तेवढी पत्रं लिहू शकतं, त्याला येणारी पत्रंही सरसकट अडवायची नसतात. अधीक्षक पत्र वाचू शकतात, आणि ते रोखलं तर कारण नोंदवावं लागतं. तेव्हा पत्रात गुन्ह्याबद्दल एक ओळही नको. घरचं लिहा, पुढची तारीख लिहा, भावंडांकडून दोन ओळी लिहून घ्या. फोन गृहाच्या परवानगीने आणि देखरेखीखाली होतो. त्यासाठी आई-वडिलांचा चालू नंबर कार्यालयात नोंदवून ठेवा.

सामान मुलाच्या हातात देऊ नका, कार्यालयात द्या. साधे कपडे आणि शाळेची पुस्तकं सहसा घेतात. औषधं असतील तर डॉक्टरांची चिठ्ठी हवीच, विशेषतः फिट्स, दमा किंवा मानसिक आजाराची गोळी चालू असेल तर पहिल्याच दिवशी सांगा. खंड पडला तर तब्येत बिघडते. मोबाइल, रोख पैसे, तंबाखू नेऊच नका. घरचा डबा घेतात का, हे आधी विचारा.

भेटीत ‘तू खरंच केलंस का?’ हे विचारू नका. आजूबाजूला कर्मचारी असतात आणि घाबरलेलं मूल काहीही बोलून जातं. ते वकिलांशी बोलायचं. वकील नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत मिळतो, मुलांना त्यासाठी उत्पन्नाची अट नाही, फोन १५१००. ‘उद्या सोडवतो’ असंही म्हणू नका. तो दिवस मोजत बसतो. मारहाण झाल्याचं त्याने सांगितलं किंवा तुम्हाला दिसलं, तर त्याच दिवशी मंडळाकडे वैद्यकीय तपासणीचा लेखी अर्ज द्या आणि १०९८ या मुलांच्या हेल्पलाइनवर कळवा.

त्याचं नाव, फोटो, आदेशाची प्रत नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकू नका. बाल न्याय अधिनियम २०१५ च्या कलम ७४ नुसार ओळख उघड करणाऱ्याला ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा २ लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं.

आता जे तुम्ही विचारलं नाहीत, पण माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं आहे. परिवीक्षा अधिकाऱ्यांना (प्रोबेशन ऑफिसरना) भेटा. ते मुलाच्या घरचा सामाजिक तपासणी अहवाल दोन आठवड्यांत मंडळाला देतात आणि जामिनाच्या वेळी तो बघितला जातो. याच अधिनियमाच्या कलम १२ प्रमाणे गुन्हा अजामीनपात्र असला तरी मुलाला जामीन मिळायला हवा. नाकारायचा तर गुन्हेगारी संगतीची शक्यता, मुलाला धोका किंवा न्यायाचा हेतूच विफल होणं, यांपैकी काहीतरी लागतं आणि मंडळाला कारण लिहावं लागतं. संगतीचा मुद्दा निघाला तर मामाचं घर उपयोगी पडतं: ‘तो माझ्याकडे राहील, इथल्या शाळेत जाईल’ असं लेखी द्या, सोबत घराच्या पत्त्याचा पुरावा आणि शाळा प्रवेश द्यायला तयार असल्याचं पत्र जोडा. दहावी-बारावीची परीक्षा तोंडावर असेल तर कलम ९८ खाली साधारण ७ दिवसांपर्यंत, प्रवासाचे दिवस सोडून, देखरेखीखाली रजाही मागता येते.

जामीन मंजूर होऊनही अट पुरी करता आली नाही, तर ७ दिवसांनी मुलाला पुन्हा मंडळापुढे आणून अट बदलायची तरतूद आहे. आदेशाची तारीख लिहून ठेवा आणि आठव्या दिवशी वकिलांना विचारा.