कमांड लाइनवर व्हिडिओ आणि ऑडिओ कन्व्हर्ट करायला सुरुवात कुठून करू?

म्हणजे तुमच्याकडे घरच्यांनी रेकॉर्ड केलेल्या कीर्तनांच्या एमकेव्ही फाइली आहेत, त्या टीव्हीवर धड लागत नाहीत, काहींचा नुसता आवाज हवाय आणि ऑनलाइन कन्व्हर्टर एवढी मोठी फाइल घेत नाही. मग एफएफएमपेगच शिका, म्हणजे कमांड लाइनवरून व्हिडिओ-ऑडिओ कन्व्हर्ट करणारा प्रोग्राम. फुकट आहे आणि फाइल तुमच्या मशीनबाहेर जात नाही. फाब्रिस बेलार यांनी २००० साली ते सुरू केलं. व्हीएलसी प्लेअरसुद्धा आतून याच्याच लायब्रऱ्या वापरतो.

उबुंटूवर 'सुडो एपीटी इन्स्टॉल एफएफएमपेग', मॅकवर होमब्रू (कमांडने प्रोग्राम इन्स्टॉल करणारं साधन) असेल तर 'ब्रू इन्स्टॉल एफएफएमपेग', विंडोजवर 'विनगेट इन्स्टॉल एफएफएमपेग'. विंडोजवर इन्स्टॉल झाल्यावर टर्मिनल (कमांड टाइप करायची खिडकी) बंद करून पुन्हा उघडा, नाहीतर कमांड सापडतच नाही म्हणेल. (मी इथे कमांड देवनागरीत लिहितोय. टाइप करताना अर्थातच इंग्रजी लहान अक्षरं आणि इंग्रजी आकडे.)

आता मुख्य मुद्दा. लगेच कन्व्हर्ट करायला घेऊ नका. आधी फाइलच्या आत काय आहे ते एफएफएमपेगबरोबरच येणाऱ्या एफएफप्रोबने बघा:

एफएफप्रोब कीर्तन.एमकेव्ही

बराच मजकूर येईल, घाबरू नका. त्यातल्या 'स्ट्रीम'ने सुरू होणाऱ्या ओळी तेवढ्या वाचा. एकीत 'व्हिडिओ: एच२६४' असं काहीतरी असेल, दुसरीत 'ऑडिओ: ओपस' किंवा 'एएसी'. एमकेव्ही, एमपी४ हे नुसते डबे. भाजी म्हणजे आतला कोडेक, चित्र किंवा आवाज ज्या पद्धतीने दाबून साठवलाय ती. पुष्कळदा भाजी टीव्हीला चालणारीच असते, डबा तेवढा नको असतो. अशा वेळी:

एफएफएमपेग -आय कीर्तन.एमकेव्ही -सी कॉपी कीर्तन.एमपी४

'-आय'च्या पुढे मूळ फाइल, सगळ्यात शेवटी नवी फाइल. '-सी कॉपी' म्हणजे आतलं जसंच्या तसं उचलून ठेव. दोन तासांचा व्हिडिओसुद्धा बघता बघता होतो आणि दर्जा तसूभरही कमी होत नाही. सबटायटलवरून अडलं तर '-एसएन' घालून सबटायटल वगळा.

चित्र दिसतंय पण आवाज नाही, ही टीव्हीची नेहमीची तक्रार. एफएफप्रोबने ऑडिओ ओपस किंवा डीटीएस दाखवला तर कारण बहुधा तेच. मग चित्राला ('-सी:व्ही') हात लावू नका, आवाज ('-सी:ए') तेवढा बदला:

एफएफएमपेग -आय कीर्तन.एमकेव्ही -सी:व्ही कॉपी -सी:ए एएसी कीर्तन.एमपी४

हे एवढं डोक्यात बसलं की निम्मं काम झालं. इंटरनेटवर पंधरा-पंधरा ऑप्शनच्या कमांड सापडतात, त्या न समजता चिकटवण्यापेक्षा या दोन पाठ असलेल्या बऱ्या.

व्हिडिओच टीव्हीला झेपत नसेल (नव्या फोनवरचा एचईव्हीसी हा कोडेक जुन्या टीव्हीवर हमखास अडतो), तर मात्र खरंखुरं कन्व्हर्ट करावं लागतं, मूळ आणि नव्या फाइलच्या नावांच्या मधे हे लिहून (पुढचे ऑप्शनही तिथेच): '-सी:व्ही लिबएक्स२६४ -सीआरएफ २३ -सी:ए एएसी'. सीआरएफ म्हणजे दर्जाचा आकडा, ० ते ५१ असतो, काही न सांगितल्यास २३ धरला जातो. आकडा कमी तर दर्जा चांगला आणि फाइल मोठी. ६ ने वाढवला तर फाइल साधारण निम्मी होते. बुवा एकाच जागी उभे असतील तर मी २६ सुद्धा लावेन, फरक कळत नाही. याला वेळ लागतो, लॅपटॉपचा पंखा घरघरेल, लागू द्या.

नुसत्या आवाजासाठी '-व्हीएन' म्हणजे व्हिडिओ नको. आतला आवाज एएसी असेल तर '-व्हीएन -सी:ए कॉपी' आणि फाइलचं नाव एम४ए. गाडीतल्या जुन्या स्टिरिओला एमपी३च लागत असेल तर '-व्हीएन -सी:ए लिबएमपी३लेम -बी:ए १२८के' ('-बी:ए' म्हणजे आवाजाच्या एका सेकंदाला किती डेटा). तासाला साधारण ५८ एमबी. नुसतं निरूपण असेल तर '-एसी १ -बी:ए ६४के' करून मोनो घ्या, आकार निम्मा. पेटी-तबल्यासाठी मात्र हे करू नका.

पूर्वरंग नको, उत्तररंगच हवा? '-आय'च्या आधी '-एसएस ००:५२:१०' लिहा, तिथून सुरू होईल. जागेला महत्त्व आहे: '-आय'च्या आधीचा ऑप्शन मूळ फाइलला लागतो, नंतरचा नव्या फाइलला. '-सी कॉपी'बरोबर कापलंत तर सुरुवात काही सेकंद मागेपुढे होते, कारण कॉपी करताना काप कीफ्रेमवरच (मधूनमधून येणाऱ्या पूर्ण साठवलेल्या चित्रावरच) बसतो. अगदी नेमकं हवं असेल तर कॉपीऐवजी वरच्यासारखं खरंखुरं कन्व्हर्ट करणं आलं.

नव्या फाइलच्या नावाची फाइल आधीच असेल तर तो 'ओव्हरराइट?' विचारतो, वाचून उत्तर द्या. उत्साहाच्या भरात '-वाय' लावायची सवय नको, तो न विचारता पुसतो.

सगळ्या फोल्डरला हात घालण्याआधी नव्या फाइलच्या नावाआधी '-टी ६०' घालून एका मिनिटाचा तुकडा बनवा, पेनड्राइव्हवर घाला आणि टीव्हीवर लावून बघा. मोठी फाइल पेनड्राइव्ह घेतच नसेल तर दोष एफएफएमपेगचा नाही. फॅट३२ फॉरमॅटला ४ जीबीची मर्यादा आहे. टीव्हीला चालत असेल तर एक्सफॅट करा, नाहीतर कीर्तनाचे दोन भाग करा.