पहिलं गृहकर्ज घेतलंस, आता रेपोकडे लक्ष ठेव

भाऊ, नाशिकच्या पाथर्डी फाट्याला फ्लॅट घेतलास, मनापासून अभिनंदन! आता रेपो दराची, म्हणजे रिझर्व्ह बँक इतर बँकांना ज्या व्याजाने पैसे देते त्या दराची, बातमी लागली की चॅनल बदलू नकोस, ती तुझ्याच हप्त्याची बातमी असते. 2025 मध्ये रिझर्व्ह बँकेने रेपो 6.50 वरून 5.25 टक्क्यांवर आणला. ऑक्टोबर 2019 नंतर बँकेतून घेतलेलं फ्लोटिंग, म्हणजे व्याजदर बदलत राहणारं, गृहकर्ज बहुधा रेपोलाच जोडलेलं असतं. हाउसिंग फायनान्स कंपनीचं असेल तर दर कधी बदलतो ते स्वतः जाऊन विचार.

दर उतरला की हप्ता कमी करून घ्यावासा वाटेल. घरखर्च भागत असेल तर माझं ऐक, तसं करू नकोस. 30 लाख, 20 वर्षं, साडेआठ टक्के धर: हप्ता साधारण 26,035 रुपये. दर साडेसातवर आला तर 24,168. पण जुनाच हप्ता चालू ठेवलास तर कर्ज सुमारे 17 वर्षांत फिटतं. तीन वर्षांचे हप्ते वाचले की रे!

अंबड-सातपूरला कंपनीत आहेस, तर ओव्हरटाइम हिशेबात धरू नकोस, तो कधीही बंद होतो. दिवाळीचा बोनस मात्र सरळ मुद्दलात भर. स्वतःच्या नावावरच्या फ्लोटिंग गृहकर्जाला मुदतीआधी फेडल्याचा दंड लागत नाही.